ढगांत दफ्तर नेल्याची हकीकत

॥ श्री ॥ वंदन गणरायास, वंदन नदीमातेस, आणि वंदन त्या अदृश्य तारेस, जी माणसाचा शब्द इकडोन तिकडे पळभरांत पोंचविते. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक मासीं हुजूरची आज्ञा जाहाली कीं, राज्याचें पाणीदफ्तर ढगांत कैसें गेलें, कोणीं नेलें, मध्यें संकट काय पडलें आणि शेवट कैसा जाहाला, तें साद्यंत लिहोन ठेवावें, म्हणजे पुढिलांस ठाऊक राहील. त्यावरून सेवकें जें डोळां देखिलें आणि ज्यांचें त्यांचे तोंडोन ऐकिलें, तें लिहिलें आहे. पदरचें घातलें नाहीं.

राज्य लहानच. वरते अंगास डोंगर, खालते अंगास सखल भातरानें, आणि मधोन सोनझरी नदी. डोंगरांत पडलेलें पाणी राजधानीस यावयास बराच वेळ लागे आणि तेथोन खालीं साकवाडी गांवास पोंचावयास आणखी कांहीं घटका लागत, म्हणोन पाणी येण्याआधीं खबर देतां येत असे. या कामास राजधानींत नदीचे घाटाशीं दगडी यंत्रघर बांधिलें होतें. डोंगरांत जागोजाग पाणी मोजणारीं मापकें बसविलीं होतीं, त्यांची खबर तारेवांचोन यंत्रघरीं येई, आणि तेथील मोठा संगणक मागील सालांचीं पाणीमानें ताडोन पाही आणि कोणते गांवीं किती पाणी केव्हां चढेल तें सांगे, मग त्या गांवच्या सर्व फोनांवर इशारा जाई. यंत्रघराचे दफ्तरदार राजश्री हैबतराव ढमढेरे. साठी उलटलेली, मिशा पांढऱ्या, चालणें मात्र ताठ. उमेदीचीं सर्व वर्षें त्यांनीं त्या संगणकापाशीं काढिलीं. जोडे काढल्याविना कोणास आंत येऊं देत नसत, आणि उन्हाळ्यांत यंत्राचा पंखा बंद पडला तर स्वतः बसोन पुठ्ठ्यानें वारा घालीत. लोक मागें हांसत, पण समोर कोणी हांसत नसे.

गतसालीं, क्रोधीनाम संवत्सरे, श्रावणांत डोंगरांत असा पाऊस जाहाला कीं नदी एकाच दुपारीं घाट चढोन वर आली. आणि यंत्रघर घाटाशींच असल्याकारणें पाणी प्रथम तेथेंच शिरलें. जो पाण्याची खबर देणार तोच सर्वांआधीं बुडाला. हैबतरावांनीं छातीइतकिया पाण्यांतून संगणक पाठीवर घेऊन बाहेर काढिला, आणि वर कोरडे जागीं आणोन पुसला, आणि मग त्यापाशीं बसोन राहिले. तो पुन्हां सुरू जाहाला नाहीं. इकडे साकवाडीस कोणाचाही फोन वाजला नाहीं. लोक रोजचे कामांत होते. पाणी वेशींत आलें तेव्हां धांवाधांव जाहाली, कित्येकांनीं छपरांवर रात्र काढिली, आणि गांवच्या पाटलीण बानूबाई यांचे सासरे धोंडजी गोठ्यांतील गुरें सोडावयास गेले ते पुन्हां आले नाहींत. पाणी उतरल्यावर हैबतराव पायीं साकवाडीस गेले आणि बानूबाईंचे अंगणांत उभे राहिले. बानूबाईंनीं त्यांस पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाल्या, "दफ्तरदार, फोन वाजला नाहीं."

"नाहीं वाजला, बाई," हैबतराव म्हणाले. तांब्या तसाच ठेवोन ते परत फिरले.

मग चैत्र मासीं आईसाहेबांनीं दरबार भरविला. आईसाहेब म्हणजे राज्याच्या धनीण. केस पिकले होते, नजर अद्याप तीक्ष्ण, आणि न समजलेली गोष्ट समजली ऐसें म्हणण्याची त्यांस संवय नव्हती. त्यांनीं पुशिलें, "यंदां काय करावयाचें तें सांगा." हैबतराव उठोन बोलिले कीं, नवा संगणक घ्यावा, यंत्रघराचा चौथरा पुरुषभर उंच करावा आणि दाराशीं पोलादी पडदा लावावा, म्हणजे पाणी आंत यावयाचें नाहीं. आईसाहेबांनीं मान डोलविली. तों राज्याच्या संगणक कारभारी सगुणाबाई वाकनीस उठल्या. वय तिशीच्या आंत, शिकोन परमुलखीं चाकरी करून आलेल्या, आणि त्या समयीं चौथा महिना लागला होता. त्या म्हणाल्या, "आईसाहेब, चौथरा किती उंच करणार? नदीला जितकें चढावयाचें तितकी ती चढेल. माझें म्हणणें, संगणक नदीकाठीं नकोच. तो ढगांत ठेवावा."

दरबारांत कुजबूज जाहाली. आईसाहेब म्हणाल्या, "ढगांत म्हणजे कोठें? उगाच कवित्व नको."

"ढग हें नांव आहे, आईसाहेब. खरें पाहतां दूरदेशीं उंच, कोरडे जागीं मोठमोठ्या इमारती आहेत, त्यांत हजारों संगणक रात्रंदिवस चालतात. ज्या कंपनीच्या त्या इमारती, ती आपणांस एका संगणकाचा वाटा भाड्यानें देते. तो वाटा म्हणजे जणूं आपला स्वतंत्र संगणकच. आपण येथोन नेटच्या वाटेनें त्यांत शिरावयाचें आणि काम करावयाचें. येथें पूर आला, वीज गेली, तरी तो तेथें चालूच."

"म्हणजे परक्याचे घरीं आपलें दफ्तर," हैबतराव बोलिले. आवाज चढला नव्हता, पण दुखावलेला होता. "उद्यां त्यानें दार लाविलें तर? कोणी चोर शिरला तर? माझे यंत्रघराची किल्ली माझे कमरेस असे."

"आणि पाणी किल्ली विचारीत नाहीं, हैबतराव," सगुणाबाई म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांचें त्यांसच वाईट वाटलें, कारण हैबतरावांचा चेहरा उतरला. मग त्या हळूं आवाजांत बोलिल्या, "किल्ली येथेंही असते. आपण येथें एक कुलूप आणि एक किल्ली अशी जोडी करावयाची. कुलूप तेथें पाठवावयाचें, तें जगानें पाहिलें तरी चिंता नाहीं. किल्ली आपलेजवळोन कधींच हालत नाहीं. आणि दफ्तराची एक प्रत रोज दुसरे देशींचे इमारतींत ठेवूं, म्हणजे एकानें दार लाविलें तरी दुसरें उघडें राहील."

आईसाहेबांनीं बराच वेळ विचार केला आणि मग निवाडा दिला कीं, दफ्तर ढगांत न्यावें. मात्र किल्लेदारीची जुनी रीत सोडूं नये. दरवाजा एकाचे हातीं, आंतील कारभार दुसरियाचे हातीं. कोण बाहेरचा आंत येऊं शकेल हें हैबतराव ठरवितील, आणि आंत जें करावयाचें तें सगुणाबाई करतील. आणि माणसानें स्वतः पाहोन हुकूम सोडल्याविना लोकांस इशारा जाऊं नये, कारण पूर्वीं एकदां यंत्रानें चुकोन इशारा दिला होता आणि पळापळींत माणसें जायबंदी जाहालीं होतीं. उभयतांनीं मुजरा केला. एकमेकांकडे मात्र पाहिलें नाहीं.

मग काम सुरू जाहालें. टेकडीवरचे जुने शाळेंत एक खोली घेतली आणि तेथें उभयतां समोरासमोर बसूं लागलीं. प्रथम कंपनीचे पानावर राज्याचे नांवें खातें उघडिलें. मग कोणते देशींची इमारत घ्यावी याची मसलत जाहाली, आणि जवळ असेल तेथें खबर लवकर पोंचते म्हणोन जवळची घेतली. मग संगणक केवढा पाहिजे हें ठरलें. सगुणाबाई म्हणाल्या, "लहानच घेऊं. पावसाळ्यांत काम वाढलें तर एका हुकमानें मोठा करतां येतो." हैबतरावांस तें खरें वाटेना. ते म्हणाले, "माझा संगणक मोठा करावयाचा तर बैलगाडी लागे." सगुणाबाई हांसल्या, आणि हैबतरावही किंचित हांसले, आणि त्या दिवसापासोन दोघांस एकमेकांशीं बोलावयाचें सुचूं लागलें. मग किल्ली आणि कुलपाची जोडी केली. सगुणाबाईंची एक आणि हैबतरावांची एक, दोन्ही किल्ल्या ज्याचे त्याचे लॅपटॉपांत राहिल्या, कुलपें तेवढीं तिकडे गेलीं. मग संगणक उभा राहिला, म्हणजे पडद्यावर त्याचें नांव हिरवें दिसूं लागलें, आणि सगुणाबाईंनीं पहिला हुकूम लिहोन त्यांत प्रवेश केला. काळ्या पडद्यावर एक लहानशी रेघ लुकलुकूं लागली. हैबतराव बराच वेळ तिजकडे पाहात राहिले. "हाच कां तो?" त्यांनीं पुशिलें. "हाच," सगुणाबाई म्हणाल्या.

दरवाजांचें काम हैबतरावांनीं मनापासोन केलें. प्रत्येक संगणकास पुष्कळ दरवाजे असतात, ते सर्व त्यांनीं लावोन टाकिले. मापकांची खबर येण्यापुरता एक झरोका ठेविला आणि कारभाऱ्यांस शिरावयास एकच दरवाजा. त्यावरही पहारा असा बसविला कीं, टेकडीवरचे शाळेचा नेटचा पत्ता आणि त्यांचे स्वतःचे घरचा पत्ता, या दोन पत्त्यांवरून येईल त्यासच आंत घ्यावें, बाकी कोणी किल्ली घेऊन आला तरी त्यास दारही दिसूं नये. सगुणाबाई म्हणाल्या, "हें फार कडक जाहालें." हैबतराव म्हणाले, "दरवाजा माझे हातीं आहे ना? मग असूं द्या." सगुणाबाईंनीं असूं दिलें.

वैशाखांत कोठाराचें काम निघालें. संगणक एक आणि माल ठेवावयाची जागा वेगळी, म्हणजे संगणक बिघडला तरी माल सुखरूप राहतो. म्हणोन सगुणाबाईंनीं एक मोठी डिस्क निराळी घेतली, ती संगणकास जोडिली, आंतोन सारवोन घ्यावी तशी ती कोरी तयार केली आणि तिला नांव देऊन उघडिली. मग हैबतरावांनीं आपले घरोन जुन्या डिस्कांची पेटी आणिली. त्यांत चाळीस सालांचें पाणी होतें. प्रत्येक पावसाची, प्रत्येक मापकाची नोंद, जी त्यांनीं यंत्रघराबाहेर आपले माळ्यावर ठेविली होती म्हणोन पुरांतून वांचली. त्याच नोंदी ताडोन संगणक पुढचें सांगावयाचा. त्या गेल्या तर नवा संगणक असोन नसोन सारखाच. कित्येक दिवस तो माल वर चढत राहिला. सर्व चढल्यावर सगुणाबाई म्हणाल्या, "आतां संगणक बंद करून पुन्हां सुरू करूं. पाहूं सर्व नीट येतें कीं नाहीं." तो बंद करून सुरू केला, आंत शिरून पाहिलें, तों कोठार रिकामें. एकही नोंद दिसेना.

हैबतराव उठले, भिंतीशीं गेले आणि तेथेंच खालीं बसले. म्हणाले, "पोरी, आतां घरीं जाऊन काय सांगूं?"

सगुणाबाई पडद्यावरून नजर न काढतां बोलिल्या, "थांबा. गेलें नाहीं. संगणक नव्यानें उठला तेव्हां त्यानें कोठार उघडलेंच नाहीं. मी उघडून दिलें होतें तें त्या दिवसापुरतें होतें. उठल्यावर रोज उघडावें ऐसें त्यास लिहोन द्यावयास हवें होतें, तें मी विसरलें." मग त्यांनीं हुकूम देऊन कोठार उघडिलें, तों चाळीस सालांचें पाणी जेथल्या तेथें. मग संगणकाचे उठण्याचे नेमांत एक ओळ लिहिली, आणि पुन्हां बंद करून सुरू केला, आणि पुन्हां केला, आणि हैबतरावांनीं तिसऱ्यानें करावयास लाविलें. प्रत्येक वेळीं कोठार उघडें आलें. मग सर्व मालाची प्रत दुसरे देशीं पाठविली. दुसरे दिवशीं हैबतराव आले ते दाराशींच थांबोन म्हणाले, "काल तोंडोन पोरी ऐसा शब्द गेला, त्याची माफी असावी, बाईसाहेब." सगुणाबाई म्हणाल्या, "चूक माझी होती, आणि माफी आपण मागतां." मग चहा आला.

ज्येष्ठांत सर्व सिद्ध जाहालें. मापकांची खबर ढगांत येऊं लागली, अंदाज बरोबर निघूं लागले, आणि आईसाहेबांनीं स्वतः येऊन लुकलुकणारी रेघ पाहिली. मग आषाढ सरतां सगुणाबाईंस सातवा संपोन आठवा लागला आणि त्या रिवाजाप्रमाणें बाळंतपणास माहेरीं, डोंगरावरील आंबेघाटास गेल्या. लॅपटॉप बरोबर नेला, आणि इशाऱ्याचा हुकूम कैसा सोडावा एवढें हैबतरावांस शिकवोन ठेविलें. निघतांना हैबतरावांस म्हणाल्या, "कांहीं अडलें तर फोन करा." ते म्हणाले, "तुम्ही विश्रांती घ्या. मी आहें." माहेरचा पत्ता दरवाजाचे पहाऱ्यास सांगावा हें दोघांसही सुचलें नाहीं.

श्रावणांत पुन्हां तोच पाऊस. सकाळपासोन डोंगर दिसेनासे जाहाले. दुपारीं राजधानींत वीज गेली आणि नेटही गेलें. नदी घाट चढूं लागली. हैबतरावांचें घर सखलांत. ते लॅपटॉप पोटाशीं धरोन टेकडीकडे निघाले, जेथें लोक जमत होते, तों वाटेंत ओढ्याचे पाण्यानें पाय घसरला आणि लॅपटॉप पाण्यांत पडला. काढिला, पण तो उजळेना. हुकूम सोडावयाची त्यांची किल्ली त्यांतच होती. अंदाज ढगांत तयार असेल, संगणक शाबूत असेल, पण त्यास हुकूम देणारा कोणी नाहीं. ते टेकडीवर पोंचले, फोन काढिला, तर त्यावर नेटची एखादी रेघ येई आणि जाई. त्याच समयीं आंबेघाटास सगुणाबाई पाऊस पाहोन अस्वस्थ होऊन आपला लॅपटॉप उघडोन बसल्या होत्या. त्यांची आई म्हणाली, "अगो, पाय सुजलेत, जरा आडवी हो." त्या म्हणाल्या, "होतें, आई. एवढें पाहून होतें." आणि त्यांनीं आंत शिरण्याचा हुकूम दिला. संगणकाकडोन उत्तर नाहीं. पुन्हां दिला. उत्तर नाहीं. तेव्हां त्यांस उमगलें कीं दरवाजा आपणास ओळखत नाहीं.

मग त्यांनीं हैबतरावांस फोन लाविला, तो लागेना, आणि लावीत राहिल्या. इकडे हैबतराव फोन उंच धरोन टेकडीवर फिरत होते. तेथें राजधानीची उंच पाण्याची टाकी आहे, तिला लोखंडी शिडी. त्यांनीं धोतराचा सोगा खोंवला आणि त्या वयांत, त्या पावसांत शिडी चढूं लागले. खालोन लोक म्हणाले, "दफ्तरदार, उतरा, पडाल." ते उतरले नाहींत. वर कठड्याशीं पोंचले तों फोन वाजला.

"हैबतराव, मी सगुणा. दरवाजा उघडा. माझा पत्ता सांगतें तो पहाऱ्यावर घाला."

हैबतराव थांबले. पावसाचे आवाजांत शब्द तुटत होते. ते म्हणाले, "आवाज तुमचाच वाटतो, बाईसाहेब. पण वाटण्यावर राज्याचा दरवाजा उघडत नाहीं. आपणां दोघांतलें कांहीं सांगा."

सगुणाबाईंस राग आला, आणि मग तो गेला. "वैशाखांत कोठार रिकामें दिसलें तेव्हां आपण भिंतीशीं बसलांत आणि मला पोरी म्हणालांत. दुसरे दिवशीं माफी मागितलीत."

"मागितली होती," हैबतराव म्हणाले. "सांगा पत्ता."

नेटचा पत्ता म्हणजे चार आंकड्यांची माळ. सगुणाबाईंनीं एकेक आंकडा सांगितला, हैबतरावांनीं मागोमाग म्हटला, मग कंपनीचें पान फोनांत उघडिलें, संकेतशब्द घातला, खातरजमेचा दुसरा आंकडा आला तो घातला, आणि पहाऱ्यावर नवा पत्ता लिहिला. बोटें ओलीं, पडदा ओला, अक्षर कोठें दाबलें तें कळेना. "उघडला," ते म्हणाले. सगुणाबाईंनीं हुकूम दिला. उत्तर नाहीं. "नाहीं उघडला," त्या म्हणाल्या, "तिसरा आंकडा वाचा." त्यांनीं वाचला. एकाचे जागीं सात पडला होता. हैबतरावांनीं फोन सदऱ्याचे आंत पोटावर पुसला, सात काढून एक घातला, आणि बदल पक्का केला. तिकडे आंबेघाटास काळ्या पडद्यावर रेघ लुकलुकूं लागली. सगुणाबाई म्हणाल्या, "आलें आंत."

आंत अंदाज तयार होता. चाळीस सालांचें पाणी ताडोन संगणकानें लिहिलें होतें कीं, साकवाडीस दिवस मावळतां मावळतां गतसालाहून अधिक पाणी चढेल. सगुणाबाईंनीं तो अंदाज मापकांचे खबरेशीं दोनदां पडताळला, आणि हुकूम सोडला. आणि लागलीच बानूबाईंस स्वतः फोन केला.

साकवाडीस त्या समयीं पाऊस उघडला होता आणि ऊनही पडलें होतें. एकदम गांवांतले सर्व फोन वाजले. लोक दारांत येऊन आकाशाकडे पाहूं लागले आणि म्हणूं लागले, ऊन पडलें आहे आणि कसला पूर. बानूबाई फोन कानाशीं धरोन ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनीं ऐकोन घेतलें, फोन ठेविला, पदर खोंवला आणि घरोघर निघाल्या. म्हणाल्या, "ऊन येथें आहे, डोंगरांत नाहीं. माळावरचे शाळेंत चला. भांडीं राहूं द्या, गुरें सोडून द्या, त्यांचीं तीं वर येतात." सर्व निघाले, एक कृष्णाजी सुतार अडून बसला. म्हणे, "गाभण म्हैस आहे, तिला सोडून मी येणार नाहीं." बानूबाई त्याचे गोठ्यांत गेल्या, आणि त्यांस सासऱ्यांची आठवण जाहाली असेल नसेल, पण त्या रागावल्या नाहींत. म्हणाल्या, "मग तिला घेऊनच चल. मी पुढोन धरतें, तू मागोन हांक. इशारा वेळेवर आला आहे, एवढा वेळ आहे आपणांस." दोघांनीं म्हैस सावकाश माळावर चढविली. सूर्य मावळावयाचे सुमारास पाणी वेशींत आलें, आणि अंधार पडतां गोठ्याचे कौलांस लागलें. माळावरोन सर्वांनीं तें पाहिलें. बायकांनीं पोरें मोजलीं, आणि मग पुन्हां मोजलीं. कोणी उणें नव्हतें. बानूबाई त्या वेळीं प्रथम खालीं बसल्या आणि रडल्या, आणि कृष्णाजीची बायको त्यांचे पाठीवर हात ठेवोन बसली.

राजधानींत तिसरे दिवशीं पाणी उतरलें. हैबतराव घाटावर यंत्रघराकडे गेले. दार मोडलें होतें, आंत गुडघाभर गाळ, आणि भिंतीवर पाण्याची खूण गतसालचे खुणेहून वरती. आंत नासण्याजोगें कांहींच नव्हतें. ते बराच वेळ उंबऱ्याशीं उभे राहिले, मग जोडे न काढतां आंत गेले आणि खिडकी उघडून आले. तेथोन साकवाडीस गेले. बानूबाई चिखल उपसत होत्या. त्यांनीं कुदळ टाकिली आणि म्हणाल्या, "दफ्तरदार, फोन वाजला बरें कां."

"ऐकलें," हैबतराव म्हणाले. आणि त्यांनीं दुसरी कुदळ उचलिली आणि सांजेपर्यंत तेथेंच राहिले.

भाद्रपदांत सगुणाबाईंस कन्या जाहाली, उभयतां सुखरूप. आईसाहेब खासा पाहावयास गेल्या. तेथेंच दरबारासारखें बोलणें जाहालें. सगुणाबाई म्हणाल्या कीं, दरवाजा कडक असावा हें खरें, पण कारभारी जेथें असेल तेथोन येण्यास एक गुप्त भुयारी वाट असावी. तींतून आलेला माणूस ओळख पटल्यावर जणूं शाळेंतूनच आला ऐसें संगणकास वाटतें. हैबतरावांनीं तें तत्काळ मान्य केलें, आणि म्हणाले कीं किल्ल्याही दोघांपाशींच नकोत, आणखी दोघां विश्वासूंस द्याव्या आणि दर महिन्यास प्रत्येकानें आंत शिरोन पाहावें. आईसाहेबांनीं दोन्ही गोष्टी मंजूर केल्या. मग हैबतरावांस पुशिलें, "तुम्हांस काय द्यावें?" ते म्हणाले, "मला दरवाजा ठाऊक आहे, आंतलें ठाऊक नाहीं. बाईसाहेबांनीं मला आंतलें शिकवावें." सगुणाबाई पाळणा हालवीत होत्या, म्हणाल्या, "दिवाळीपासोन या." ते दिवाळीपासोन जात आहेत. पहिले आठवड्यांत त्यांनीं एका चुकीचे हुकमानें संगणक बंद पाडला, आणि कोणास न सांगतां स्वतःच पुन्हां उभा केला, आणि मग सांगितलें. घाटावरचें यंत्रघर साकवाडीकरांनीं मागोन घेतलें आहे, तेथें नावा आणि दोर ठेवितात.

येणेंप्रमाणें विश्वावसु संवत्सरीं राज्याचें पाणीदफ्तर ढगांत गेलें आणि तेथें सुखरूप आहे. सारांश इतकाच कीं, यंदां पाणी गतसालाहून हातभर अधिक आलें होतें. माणसें सगळीं आहेत.